मॅनेजर व्हावं की इंजिनिअरच राहावं? आधी कंपनीतली दुसरी शिडी तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात, खराडीला, एका परदेशी बँकेच्या टेक्नॉलॉजी सेंटरमध्ये नोकरी. एकूण अनुभव नऊ वर्षांचा, काम जावा बॅकएंडचं, हुद्दा सीनिअर इंजिनिअर. मॅनेजर नोकरी सोडून चाललाय आणि डायरेक्टर म्हणतात, आठ जणांची टीम तू घे. हो म्हटलं तर कोडिंग सुटेल ही भीती. नाही म्हटलं तर उद्या बरोबरचाच कोणीतरी साहेब होऊन बसेल, ही दुसरी. तांत्रिक बाजूला वर जायची सोय आहे असं एचआर सांगतं, पण पुण्याच्या ऑफिसात प्रिन्सिपल इंजिनिअर, म्हणजे सीनिअरच्या बऱ्याच वरच्या तांत्रिक पदावरचे, दोनच, आणि दोघंही लंडनहून बदलून आलेले. घरचे म्हणतात, चाळिशीनंतर कोडिंग करणाऱ्याला कोण विचारतं?

मी दोन्हीकडे काम केलंय. आधी टेक लीड आणि आर्किटेक्ट, मग काही वर्षं मॅनेजर, आणि सध्या पुन्हा अशा पदावर आहे जिथे कोणाची रजा मंजूर करावी लागत नाही. त्यामुळे कुठल्याच बाजूची वकिली करण्यात मला रस नाही.

या प्रश्नावर सगळे पहिल्यांदा स्वभाव विचारतात. तुम्हाला माणसांत रमायला आवडतं की कोडमध्ये? हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. अबोल माणसं उत्तम मॅनेजर झालेली पाहिली आहेत, आणि गप्पिष्ट माणसांनी टीम वाऱ्यावर सोडलेली पाहिली आहे. स्वभावाचा विचार नंतर करू. आधी तुमच्या कंपनीत, तुमच्या शहरातल्या ऑफिसात, तांत्रिक शिडी, म्हणजे मॅनेजर न होता इंजिनिअर म्हणूनच वर जायच्या पायऱ्या, कागदाबाहेर अस्तित्वात आहे का ते बघा. ती नसेल तर तुमच्यासमोरचा प्रश्न ‘मॅनेजर की इंजिनिअर’ असा उरत नाही, ‘ही कंपनी की दुसरी’ असा होतो.

दोन शिड्यांची कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ‘आयबीएम फेलो’ हे पद काढलं, ते उत्तम इंजिनिअरला मोठं होण्यासाठी व्यवस्थापनात ढकलावं लागू नये म्हणून. त्याच कंपनीत ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रचंड प्रकल्प सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये याबद्दल फार रोखठोक लिहिलं. तांत्रिक शिडीवरून व्यवस्थापनाच्या समान पायरीवर जाणाऱ्याला पगारवाढ अजिबात देऊ नये, आणि त्या बदलाला बढती म्हणू नये, बदली म्हणावं. उलट दिशेने येणाऱ्याला मात्र वाढ द्यावी. कारण प्रतिष्ठेचा ओढा आपोआप एकाच दिशेला असतो, तो मुद्दाम उलटा ओढावा लागतो. पन्नास वर्षं झाली या गोष्टीला. तुमच्या ऑफिसात परवा कोणी मॅनेजर झाला तेव्हा मेलमध्ये काय लिहून आलं होतं आठवून बघा. ‘प्रमोशन’च असणार.

आता घरच्यांचा मुद्दा. तो हसण्यावारी नेऊ नका, कारण एका विशिष्ट धंद्यात तो शंभर टक्के खरा होता. हिंजवडीतल्या सर्व्हिस कंपन्यांचं गणित असं चालायचं, आणि बरंचसं अजून चालतं: ग्राहक माणशी, ताशी पैसे देतो. समजा रेट कार्डवर, म्हणजे ग्राहकाशी ठरलेल्या दरपत्रकावर, सीनिअर डेव्हलपरचा दर ताशी २५ डॉलर आहे. तुमचा अनुभव सहा वर्षांचा असो की सोळा वर्षांचा, ग्राहक २५ च देणार. पगार मात्र दर एप्रिलला वाढत जातो. एका टप्प्यानंतर कोडिंग करणारा अनुभवी माणूस कंपनीला परवडत नाही. मग त्याला प्रोजेक्ट मॅनेजर करतात, कारण तिथे त्याचा पगार चाळीस जणांच्या बिलिंगवर पसरता येतो. खाली फ्रेशर भरायचे, वर थोडे मॅनेजर ठेवायचे, हा पिरॅमिड त्यातूनच आला. ‘चाळिशीनंतर कोण विचारतं’ हे वाक्य त्या रेट कार्डातून जन्मलं. आपल्या मावशी-काकांच्या पिढीने आयटी म्हणून जे पाहिलं ते हेच, त्यामुळे त्यांचा सल्ला चुकीचा नाही, फक्त दुसऱ्या धंद्याबद्दलचा आहे.

प्रॉडक्ट कंपनीत आणि तुमच्यासारख्या कॅप्टिव्ह सेंटरमध्ये (परदेशी कंपनीचं स्वतःपुरतं काम करणारं इथलं ऑफिस) ताशी बिलिंग नसतं, म्हणून जुन्या अनुभवी इंजिनिअरला जागा असू शकते. गूगलसारख्या ठिकाणी सीनिअरच्या वर स्टाफ, सीनिअर स्टाफ, प्रिन्सिपल, डिस्टिंग्विश्ड, फेलो अशा पायऱ्या खरोखर आहेत, आणि जेफ डीन व संजय घेमावत यांच्यासारखी माणसं संशोधनाच्या आणि कोडच्या बळावर त्या शिडीच्या टोकाला पोचलेली आहेत. पण पुण्यातल्या सेंटरमध्ये अडचण वेगळी असते. स्टाफ किंवा प्रिन्सिपल व्हायला तुमच्या निर्णयांचा परिणाम अनेक टीम्सवर झालेला दाखवावा लागतो. ते निर्णय होतात लंडनला, न्यूयॉर्कला किंवा फ्रँकफर्टला. पुण्याकडे येतं ते ठरलेल्या डिझाइनची अंमलबजावणी. मग वर्षाअखेरीस बढतीचं पॅनल म्हणतं, काम चांगलं आहे, पण ‘स्कोप’, म्हणजे कामाचा आवाका, कमी पडतो. स्कोप द्यायचा कोणी, हे कोणी सांगत नाही.

म्हणून एचआरच्या पीपीटीतली शिडी बघू नका, माणसं बघा. गेल्या तीन वर्षांत पुण्यात, इथेच काम करता करता, सीनिअरचा स्टाफ किंवा प्रिन्सिपल कोण झाला? बाहेरून घेतलेले आणि मुख्यालयातून आलेले यात धरायचे नाहीत. शेवटचे मोठे तांत्रिक निर्णय आठवा: ओरॅकलचा डेटाबेस सोडून पोस्टग्रेसवर जायचं की नाही, सिस्टीम्समध्ये संदेश पोचवायला काफ्का घ्यायचं की नाही, कुठली सिस्टीम बंद करायची. त्या डिझाइन डॉक्युमेंटवर लेखक म्हणून पुण्यातल्या कोणाचं नाव आहे का? तुम्ही सांगितलंय त्यावरून तुमच्याकडे उत्तर बहुधा ‘नाही’ असंच येईल.

हीच चाळणी मॅनेजरच्या पदालाही लावा, कारण तिथेही पोकळ पदं असतात. काही सेंटर्समध्ये मॅनेजर म्हणजे रजा मंजूर करणारा, टाइमशीट बघणारा आणि संध्याकाळी साडेसातच्या कॉलवर मुख्यालयाला स्टेटस सांगणारा. टीममध्ये माणूस कोणता घ्यायचा, रेटिंग काय द्यायचं, पुढच्या तिमाहीत कुठलं काम नाकारायचं, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. आठ माणसांची जबाबदारी आणि शून्य अधिकार, अशा पदावर दोन वर्षं काढली तर ना तांत्रिक हात राहतो ना मॅनेजर म्हणून सांगण्यासारखं काही जमा होतं. डायरेक्टरांना सरळ विचारा: भरतीत शेवटचा शब्द माझा का? कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळ्या टीम्सची रेटिंग एकत्र ठरवण्याच्या, बैठकीत माझ्या टीमची बाजू मी मांडणार की तुम्ही? ‘आधी सहा महिने अ‍ॅक्टिंग म्हणून बघ’ असं उत्तर आलं, तर त्या सहा महिन्यांत रेटिंगचा अधिकार कोणाकडे, हे विचारल्याशिवाय उठू नका.

आता स्वभावाकडे येऊ. तांत्रिक मार्ग निवडणाऱ्या निम्म्या लोकांच्या मनात ‘मला मीटिंग नकोत, माणसांची कटकट नको’ हे असतं. सीनिअरच्या वर गेल्यावर हा भ्रम फार लवकर फुटतो. स्टाफ इंजिनिअरचा दिवस लिहिण्यात, वाचण्यात आणि पटवण्यात जातो. तीन टीम्सना एका नव्या एपीआयवर (सिस्टीम्सनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) आणायचंय, तिन्ही टीम्सना आपापली घाई आहे, आणि त्यातला एकही माणूस तुम्हाला रिपोर्ट करत नाही. हुकूम देता येत नाही. डॉक्युमेंट लिहायचं, आक्षेप ऐकायचे, अर्धे मान्य करायचे, पुन्हा लिहायचं. प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टीमला, रात्री आग लागली की विझवायला जायचं, आणि सकाळी ती का लागली हे कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं न करता समजावून सांगायचं. माणसांशी काम दोन्हीकडे आहे. मॅनेजरला ते अधिकाराने करता येतं, तुम्हाला अधिकाराशिवाय करावं लागतं. मला विचाराल तर दुसरं जास्त अवघड.

मॅनेजरचं अवघड काम वेगळ्या जातीचं आहे, आणि त्याबद्दल कोर्समध्ये कोणी नीट सांगत नाही. एक म्हणजे रेटिंग. टीम आठ जणांची, सगळ्यांनी जीव ओतून काम केलेलं, आणि वरून आदेश येतो की एकाला तरी खालच्या कप्प्यात टाका. तो माणूस समोर बसतो, त्याचं होम लोन चालू आहे हे तुम्हाला माहीत असतं, आणि तुम्हाला जे पटलेलं नाही ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं असतं. ‘वरून आलंय, मी काय करू’ असं म्हणणारा मॅनेजर त्या क्षणी टीम गमावतो. कॅलिब्रेशनमध्ये त्याच्यासाठी भांडून, हरून, आणि मग निर्णय स्वतःचा म्हणून सांगणं, हे ज्याला जमतं त्याने या वाटेला जावं.

दुसरं म्हणजे भरती. बाहेरच्यांना वाटतं मुलाखती घेणं हेच काय ते काम. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नोटीस पिरियड ९० दिवसांचा. उमेदवार ऑफर घेतो, त्या ९० दिवसांत ती ऑफर दाखवून आणखी दोन मिळवतो, आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन उचलत नाही. तोवर तुमच्या टीममधला जाणारा माणूस निघून गेलेला असतो. ही रिकामी जागा भरून निघेपर्यंत उरलेल्यांवर जास्तीचं काम टाकायचं, आणि त्यातला आणखी एक कंटाळून राजीनामा देणार नाही याची काळजी घ्यायची. पुण्यात मॅनेजरचा मोठा वेळ या एका चक्रात जातो.

तिसरं, आणि माझ्या मते खरी कसोटी लागते ती इथे: आपण बरं काम करतोय की नाही हे कळायला लागणारा वेळ. कोड लिहिला, टेस्ट चालवली, पाच मिनिटांत लाल किंवा हिरवं. मॅनेजरचं काम लोणच्यासारखं, बरणी उघडेपर्यंत मुरलं की नासलं ते कळत नाही. एखाद्या घाबरट मुलीला तुम्ही मार्चमध्ये अवघड मॉड्यूल देता, आणि ती पुढच्या दिवाळीत मुख्यालयासमोर स्वतः डिझाइन मांडते. मधल्या काळात तुमच्या हातात दाखवण्यासारखं काहीच नसतं. शुक्रवारी संध्याकाळी ‘आज मी काय केलं’ याचं उत्तर न सापडता घरी जाणं ज्याला सहन होत नाही, त्याला हे पद वर्षभरात पोखरतं. स्वभावाचा प्रश्न विचारायचाच असेल तर हा विचारा.

मॅनेजर हवेतच कशाला, असा प्रयोगही होऊन गेलाय. गूगलने २००२ च्या आसपास इंजिनिअरिंगमधले मॅनेजर काढून टाकून पाहिलं. काही महिन्यांत खर्चाच्या पावत्या आणि आपसातली भांडणं थेट सहसंस्थापक लॅरी पेजपर्यंत पोचायला लागली आणि प्रयोग गुंडाळला. पुढे २००८ मध्ये त्यांच्याच ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ने चांगला मॅनेजर काय करतो हे आकडेवारीने शोधलं. आठ गुणांच्या त्या यादीत माणसाला घडवणं पहिलं आलं आणि तांत्रिक कौशल्य शेवटचं. यावरून काही जण तांत्रिक ज्ञान लागतच नाही असा अर्थ काढतात. तो गुण शेवटचा असला तरी यादीत आहे, हे ते विसरतात.

मॅनेजरची नोकरी जास्त सुरक्षित, हाही समज सोडून द्या. मार्च २०२३ मध्ये मेटाने व्यवस्थापनाचे थर कमी करताना अनेक मॅनेजरांना पुन्हा इंजिनिअरच्या कामावर जायला सांगितलं जाईल असं जाहीर केलं. सप्टेंबर २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या सीईओ अँडी जॅसींनी मॅनेजरच्या तुलनेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचं प्रमाण किमान १५ टक्क्यांनी वाढवायला सांगितलं. वारं तिकडून सुटलं की पुण्याच्या सेंटरपर्यंत पोचतंच. मॅनेजरच्या जागा मुळात कमी, आणि नोकरी गेली तर तितक्याच मोठ्या पदावर दुसरी मिळायला वेळ लागतो. दुसरीकडे, एआयची साधनं आल्यापासून नुसता कोड टाइप करण्याची किंमत उतरतेय. पण तो कोड बरोबर आहे का, या सिस्टीममध्ये तो कुठे मोडेल, हे ओळखणाऱ्याची उतरलेली मला तरी दिसत नाही. बँकेच्या सेटलमेंटच्या कोडमध्ये तर नाहीच नाही.

एक कारण लोक उघडपणे बोलत नाहीत, ते मी बोलतो. अमेरिकेला जायचं असेल तर पदाच्या स्वरूपाने फरक पडतो. कंपनीतल्या कंपनीत बदलीवर जाताना मॅनेजरला एल-१ए व्हिसा मिळू शकतो, त्याची कमाल मुदत सात वर्षं. विशेष ज्ञानाच्या आधारावर मिळणाऱ्या एल-१बीची पाच. आणि अमेरिकेबाहेर व्यवस्थापकीय पदावर किमान वर्षभर काम केलेल्याला पुढे ईबी-१सी या गटातून ग्रीन कार्ड मागता येतं, ज्यातली भारतीयांची रांग ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीवर आधारित इतर गटांच्या तुलनेत बरीच लहान आहे. नुसतं पदनाम चालत नाही, काम खरोखर व्यवस्थापनाचं होतं हे दाखवावं लागतं. एवढ्यासाठी मॅनेजर झालेली माणसं मला माहीत आहेत, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. फक्त हा हिशेब मनात असेल तर तो स्वतःशी तरी कबूल करा, ‘मला लीडरशिपची ओढ आहे’ असं त्याला सजवू नका.

आणि एक निरीक्षण. प्रश्न विचारणारी स्त्री असेल तर ‘तू माणसं छान सांभाळतेस’ हे वाक्य जरा तपासून घ्या. नव्या मुलांना शिकवणं, मीटिंगची टिपणं काढणं, दोन टीम्समधला राग मिटवणं ही कामं मुलींकडे न सांगता सरकतात, आणि मग त्याच पुराव्यावर त्यांना तांत्रिक वाटेवरून बाजूला काढलं जातं. तुम्हाला मॅनेजर व्हायचंच असेल तर उत्तमच. पण ढकललं जातंय का, हे बघा.

परत येता येतं का? येतं. पहिली दोन-तीन वर्षं सहज, त्यानंतर दर वर्षी थोडं अवघड, कारण बाहेरच्या मुलाखतीत कोडिंगचा राउंड तुमचं पद बघत नाही. मॅनेजर झाल्यावर तांत्रिक हात टिकवायचा असेल तर डिझाइन रिव्ह्यू करा, प्रॉडक्शनच्या घटनांचं विश्लेषण वाचा आणि त्यावर प्रश्न विचारा, टीमला लागणारी छोटी टूल्स लिहा. मुख्य मॉड्यूल मात्र स्वतःकडे ठेवू नका. तुम्ही दिवसभर कॉलवर असणार, तुमचा पुल रिक्वेस्ट (तपासून सामील करून घेण्यासाठी पाठवलेला कोड) चार दिवस अडकणार, आणि आठही जण तुमची वाट बघत बसणार.

तुमच्या बाबतीत माझं मत असं. तुमच्या कंपनीत पुण्यापुरती तांत्रिक शिडी सध्या रिकामी आहे. म्हणून एक तर टीम घ्या, आणि घेतलीत तर किमान दोन अप्रेझलं पूर्ण होईपर्यंत सोडू नका, कारण पहिलं शिकण्यातच जातं. नाही तर तांत्रिकच राहायचं ठरवा आणि त्यासाठी कंपनी बदलावी लागेल हे धरून चाला. नकार देऊन आहे तिथेच बसून राहणं हा तिसरा पर्याय मला सगळ्यात महाग वाटतो. तीन वर्षांनी तुम्ही बारा वर्षांच्या अनुभवाचे सीनिअर इंजिनिअर असाल, आणि पुढच्या मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येईल.

टीम घेणार असाल तर वेळ बघा. तुमच्या बँकेचं वर्ष डिसेंबरला संपत असेल आणि तुम्ही नोव्हेंबरमध्ये सूत्रं घेतलीत, तर न पाहिलेल्या कामाची रेटिंग तुमच्या तोंडून सांगितली जातील. जाणाऱ्या मॅनेजरने या वर्षाची रेटिंग कारणांसकट लिहून द्यावीत आणि डायरेक्टरांनी ती सांगावीत, एवढं आधीच ठरवून घ्या. आठ जणांत ज्याला ही जागा हवी होती असा एखादा असतोच. घोषणेचा मेल जाण्याआधी त्याच्याशी स्वतः बोला.

नकार देणार असाल तर ‘मला मॅनेजमेंट नको’ एवढंच बोलून उठू नका. त्याच बैठकीत काय हवंय ते मागा: अमुक सिस्टीमच्या पुढच्या दोन वर्षांच्या डिझाइनची जबाबदारी, लेखक म्हणून स्वतःचं नाव, आणि लंडनच्या आर्किटेक्चर बैठकीत प्रेक्षक म्हणून नव्हे, मांडणारा म्हणून जागा. उत्तर तीन महिन्यांत आलं नाही तर रेझ्युमे काढा. आणि बरोबरचाच कोणी साहेब होईल याची धास्ती असेल, तर नव्या मॅनेजरच्या मुलाखतीच्या पॅनलवर मला घ्या असंही त्याच दिवशी सांगा. डायरेक्टरला टीममधला सगळ्यात जाणता माणूस पॅनलवर हवाच असतो, फक्त ते आपणहून विचारत नाहीत.